व्हीपीएन लॉगिनचे अलर्ट मेल येईनात, किंवा थांबेनात

बाहेरून कोणी ऑफिसच्या व्हीपीएनवर (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) शिरलं की मालकाला मेल गेला पाहिजे, एवढीच मागणी असते. लावायला फार वेळ लागत नाही, पण नंतर त्याची दुरुस्ती वारंवार निघते. सीए ऑफिस किंवा छोटा कारखाना, आत टॅलीचा सर्व्हर, घरून काम करणारे पाच-दहा जण, अशा ठिकाणी मला बहुतेकदा उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) ओपनव्हीपीएन हे सॉफ्टवेअर दिसतं आणि त्याला जोडलेली एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, मेल पाठवते. खालचं सगळं त्या रचनेला धरून आहे. फोर्टिगेट (फायरवॉलचं यंत्र), विंडोज किंवा वायरगार्ड (व्हीपीएनचंच दुसरं सॉफ्टवेअर) यांना जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. आज्ञा आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत. सर्व्हरवर ती अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.

लक्षणं

- व्हीपीएन व्यवस्थित चालतं, पण मेल एकही येत नाही.
- कित्येक महिने येत होते, एका दिवसापासून बंद.
- सर्व्हरवर हाताने स्क्रिप्ट चालवली की मेल येतो, खरं लॉगिन झालं की येत नाही.
- स्क्रिप्ट लावल्यापासून कोणालाच कनेक्ट होता येत नाही.
- एकाच माणसाच्या नावाने मेलमागून मेल.
- मेल येतात, पण उशिरा आणि गठ्ठ्याने.
- मेलमधली वेळ किंवा शहर वाचून मालकाच्या पोटात गोळा येतो.

यातलं आपलं कोणतं ते आधी ठरवा. "अलर्ट बंद पडलेत" या एका तक्रारीत चार वेगळे बिघाड असू शकतात: लॉगिनच झालेलं नाही, लॉगिन झालं पण स्क्रिप्ट चालली नाही, स्क्रिप्ट चालली पण मेल निघाला नाही, मेल निघाला पण पोचला नाही. बहुतेक जण थेट स्क्रिप्ट उघडून बसतात. दोष बहुधा शेवटच्या दोन ठिकाणी सापडतो, म्हणून मी उलटीकडून, मेलबॉक्सपासून सुरू करतो. तिथे पैसेही लागत नाहीत आणि सर्व्हरला हातही लावावा लागत नाही.

१. मेलबॉक्स

स्पॅम फोल्डर सगळेच बघतात, पण तिथेच थांबतात. जीमेलमध्ये "ऑल मेल" उघडून पाठवणाऱ्याच्या पत्त्याने शोधा. अलर्टचा विषय दर वेळी तोच असेल तर जीमेल ते सगळे मेल एकाच संभाषणात गुंडाळतं. फोनवर एकच ओळ दिसते, शेजारी एक आकडा वाढत जातो आणि माणूस म्हणतो, नवीन काही आलंच नाही. त्यात कोणी वैतागून ते संभाषण म्यूट केलं असेल तर पुढचे मेल इनबॉक्सला वळसा घालून थेट अर्काइव्हमध्ये जातात. म्हणून विषयातच नाव आणि वेळ घाला: "अकाउंट्स-२, २१ जुलै, ९:०२". मेल न उघडताही काम भागतं.

विषयाची ओळ मराठीत हवी असेल तर ती यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या चालणारी अक्षरांची पद्धत) नीट एन्कोड करावी लागते. स्क्रिप्टमधून कच्ची देवनागरी टाकली तर काही ठिकाणी प्रश्नचिन्हांची माळ दिसते. जमत नसेल तर विषय इंग्रजी ठेवा आणि मजकूर मराठीत.

मेल कोणाच्या पत्त्यावर जातो तेही इथेच बघून घ्या. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर अलर्ट इमानेइतबारे जात असतात, असं बऱ्याचदा दिसतं. एखाद्या गटाच्या पत्त्यावर पाठवत असाल तर त्या गटाला बाहेरचा प्रेषक चालतो का, हेही तपासा. नाहीतर मेल गटाच्या दारातच अडतो.

२. लॉगिन खरंच झालं का?

"मी आत्ताच लॉगिन केलं" असं सांगणाऱ्याचा लॅपटॉप पुष्कळदा आदल्या रात्रीपासून जोडलेलाच असतो. नवीन जोडणी नाही, म्हणजे नवीन मेलही नाही. ओपनव्हीपीएनच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, त्या वेळेला "पीअर कनेक्शन इनिशिएटेड" अशी ओळ आहे का बघा. नसेल तर अलर्ट निर्दोष आहे.

ओपनव्हीपीएन मूळ सेटिंगप्रमाणे दर ३६०० सेकंदांनी गुप्तलेखनाच्या किल्ल्या बदलून घेतं. क्लायंट-कनेक्टला, म्हणजे कोणी जोडलं गेलं की काय चालवायचं ते सांगणाऱ्या सेटिंगला, जोडलेली स्क्रिप्ट त्या वेळी पुन्हा चालत नाही, आणि तेच बरोबर आहे. पण कोणी मेलची आज्ञा पासवर्ड तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ऑथ-यूजर-पास-व्हेरिफायमध्ये घातली असेल तर ती दर तासाला चालते. ठोक्याला एक मेल येत असेल तर कारण हेच.

वायरगार्डवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण तिथे गैरसमज मोठा आहे. वायरगार्डमध्ये लॉगिन नावाची घटनाच नाही. पोस्टअपमध्ये घातलेली आज्ञा सर्व्हरचा इंटरफेस सुरू होताना चालते, कोणी जोडला गेल्यावर नाही. म्हणून मेल फक्त सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर येतो. तिथे दर मिनिटाला शेवटच्या हँडशेकची (दोन्ही टोकांनी एकमेकांची ओळख पटवण्याची) वेळ तपासणारी स्क्रिप्ट लागते. वापर चालू असताना साधारण दर दोन मिनिटांनी हँडशेक होतो, तेव्हा बऱ्याच वेळाच्या शांततेनंतर आलेला हँडशेक तेवढा "नवीन लॉगिन" धरायचा.

३. ॲप पासवर्ड

कित्येक महिने चाललं आणि एका दिवसापासून बंद, या लक्षणाचं पहिलं कारण हेच. जीमेलमधून मेल पाठवणाऱ्या स्क्रिप्टला खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही; मे २०२२ अखेर गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती वाट बंद केली. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून अशा प्रोग्रामसाठीचा वेगळा १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात. मालकाने कोणाच्या तरी सल्ल्याने पासवर्ड बदलला, फोनवर मेल व्यवस्थित सुरू राहिला, सर्व्हर मात्र त्या क्षणापासून मुका. मेलच्या लॉगमध्ये ५३५ (पासवर्ड नाकारला) हा आकडा दिसला की बाकी काही शोधू नका. नवीन ॲप पासवर्ड काढा, घाला, संपलं.

यासाठी मालकाचं खातं वापरूच नये. अलर्टसाठी वेगळं खातं ठेवा. सर्व्हरवर पडलेल्या त्या पासवर्डमधून कोणाचा खासगी पत्रव्यवहार उघडता कामा नये.

मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर त्या मेलबॉक्सला एसएमटीपी ऑथ (प्रोग्राममधून पासवर्ड देऊन मेल पाठवायची सोय) चालू आहे का बघा. ते बहुतेकदा बंदच असतं, आणि ॲडमिनशिवाय चालू होत नाही.

४. सर्व्हरमधून मेल बाहेर पडतो का?

आता सर्व्हरवर या. पोस्टफिक्स (सर्व्हरवरचा मेल पाठवणारा प्रोग्राम) असेल तर मेलक्यू ही आज्ञा द्या, ती न गेलेल्या मेलची रांग दाखवते. रांग रिकामी असेल तर मेल पुढे गेला किंवा रांगेत आलाच नाही. रांगेत ढीग असेल तर मेल अडकला आहे. लॉगमध्ये प्रत्येक मेलपुढे सेंट (गेला), डिफर्ड (लांबला) किंवा बाउन्स्ड (परत आला) लिहिलेलं असतं आणि कंसात कारण असतं. ते कारण शेवटपर्यंत वाचा; उत्तर तिथेच असतं आणि लोक पहिला शब्द वाचून लॉग बंद करतात.

डिफर्ड आणि कनेक्शन टाइम-आउट दिसलं तर बहुधा पोर्टचा, म्हणजे मेल ज्या क्रमांकाच्या दाराने जातो त्याचा, प्रश्न असतो. सर्व्हर थेट पोर्ट २५ वरून मेल टाकायला बघत असेल तर ते होणार नाही; क्लाउड कंपन्या आणि बरेच इंटरनेट पुरवठादार ते पोर्ट बंदच ठेवतात. ज्यांच्याकडे उघडं असतं त्यांचा ब्रॉडबँडचा आयपी पत्ता मेल पाठवण्यालायक नसलेल्यांच्या यादीत असतो. त्या वाटेवर वेळ घालवू नका. रिलेहोस्ट (मेल पुढे नेणारा मधला सर्व्हर) म्हणून आपल्या मेल सेवेचा सर्व्हर द्या, पोर्ट ५८७, ॲप पासवर्डसह.

उशिरा आणि गठ्ठ्याने येणारे मेल म्हणजे हीच रांग. पोस्टफिक्स न गेलेला मेल मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवस परत परत पाठवून बघतो आणि नेट सुधारलं की सगळे एकदम सुटतात. मला हे चालतं. एमएसएमटीपी हे मेल पाठवायचं हलकं आणि लावायला सोपं साधन आहे, पण त्याच्याकडे स्वतःची रांग नाही: त्या मिनिटाला जीमेलपर्यंत पोचता आलं नाही तर तो अलर्ट कायमचा गेला. पहारेकऱ्याच्या कामाला मी पोस्टफिक्सच घेतो.

५. स्क्रिप्ट

हाताने चालते, लॉगिनला चालत नाही. हा सगळ्यात छळणारा प्रकार, आणि त्याचं मूळ जवळजवळ नेहमी एकच असतं: हाताने चालवणारे तुम्ही रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) असता, आणि ओपनव्हीपीएन ती नोबडी या दुबळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालवतं. म्हणून चाचणी घ्यायची तर सुडो या आज्ञेने नोबडी होऊनच घ्या. तसं केलं की खालच्यापैकी एक गोष्ट लगेच उघडी पडते.

स्क्रिप्ट रूटच्या किंवा कोणाच्या होम फोल्डरमध्ये ठेवलेली असते. नोबडीला तिथे प्रवेश नाही, आणि सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) सर्व्हिस फाइल प्रोटेक्टहोम ही सेटिंग लावून ते फोल्डर सेवेपासून लपवूनच ठेवते. हे दुसरं नोबडीच्या चाचणीत दिसत नाही, तेव्हा परवानग्या सैल करत बसू नका. स्क्रिप्ट ओपनव्हीपीएनच्या ईटीसीमधल्या फोल्डरमध्ये हलवा. किंवा एमएसएमटीपीची सेटिंग फाइल, जिच्यात पासवर्ड आहे, फक्त रूटला वाचता येते. ती सगळ्यांना उघडी करणं हा उपाय नव्हे. इथेही पोस्टफिक्स बरा, कारण पासवर्ड त्याच्याकडे राहतो, स्क्रिप्टला तो माहीत असण्याची गरजच पडत नाही. स्क्रिप्टमध्ये सेंडमेलसारख्या आज्ञांचा पूर्ण मार्ग लिहा. तुमच्या टर्मिनलला ठाऊक असलेले मार्ग सेवेला ठाऊक असतीलच असं नाही.

स्क्रिप्ट अजिबात हाक देत नसेल तर कॉन्फिगमध्ये (ओपनव्हीपीएनच्या सेटिंग फाइलमध्ये) स्क्रिप्ट-सिक्युरिटी २ आहे का बघा. त्याशिवाय ओपनव्हीपीएन बाहेरची कोणतीही स्क्रिप्ट चालवत नाही.

आता उलटा प्रकार: स्क्रिप्ट लावली आणि सगळ्या ऑफिसचं व्हीपीएन बंद. क्लायंट-कनेक्टची स्क्रिप्ट शून्याशिवाय दुसरा कोणताही निकाल देऊन संपली तर ओपनव्हीपीएन त्या माणसाला आत घेत नाही. हा बिघाड नाही, तशी रचनाच आहे. ज्यांना लॉगिन अडवायचं असतं त्यांच्यासाठी. आपल्याला मात्र फक्त खबर द्यायची आहे. तेव्हा शेवटची ओळ नेहमी "एक्झिट ०" हवी, मेल जावो वा न जावो. आज जीमेल रुसलं म्हणून रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला कोणालाच टॅली उघडता येऊ नये, हे कुठल्याच मालकाला पटवून देता येणार नाही.

पण स्क्रिप्ट सुरूच झाली नाही तर ती शेवटची ओळही वाचवू शकत नाही. विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाइल नव्याने लिहून चढवली की ओळींच्या शेवटी एक अदृश्य खूण शिल्लक राहते. मग लिनक्स म्हणतं "नो सच फाइल", आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते. ती खूण काढणारी डॉसटूयुनिक्स ही आज्ञा चालवा. चालवण्याची परवानगी गेली असेल तर तीही द्या.

आणखी एक. ही स्क्रिप्ट चालू असेपर्यंत ओपनव्हीपीएन थांबून राहतं, आणि फक्त त्या माणसासाठी नाही, सगळ्यांसाठी. स्क्रिप्ट जीमेलच्या उत्तराची वाट बघत तीस सेकंद बसली तर तेवढा वेळ प्रत्येकाचा स्क्रीन गोठतो. "सकाळी नऊ-साडेनऊला व्हीपीएन अडकतं" या तक्रारीमागे मला हे बरेचदा सापडलं आहे. मेलची आज्ञा बॅकग्राउंडला टाका किंवा स्थानिक रांगेत सोडून मोकळे व्हा.

मेल येतो पण आत काही नाही, असं असेल तर स्क्रिप्टमध्ये हेडर आणि मजकूर यांच्यामध्ये एक रिकामी ओळ सोडलेली आहे ना ते बघा. आत काय असावं? माझ्या मेलमध्ये सर्टिफिकेटचं (प्रत्येकाला दिलेल्या डिजिटल ओळखपत्राचं) नाव, बाहेरचा आयपी, आत मिळालेला आयपी आणि वेळ, एवढंच असतं. हे सगळं ओपनव्हीपीएन स्क्रिप्टला आपणहून देतं.

६. मेलचा पूर

एकाच नावाचे मेल दर मिनिट-दोन मिनिटांनी येत असतील तर बाहेरचे आयपी एकाखाली एक लिहून काढा. दोन आयपी आळीपाळीने येत असतील तर एकच सर्टिफिकेट दोघांच्या मशीनवर आहे. पहिला जोडला जातो, दुसरा आला की सर्व्हर पहिल्याला काढतो, पहिल्याचं सॉफ्टवेअर परत जोडून घेतं, आणि हे दिवसभर चालतं. ड्युप्लिकेट-सीएन (एकच सर्टिफिकेट अनेकांना एकदम चालू देणारी सेटिंग) लावलं की पूर थांबतो, पण अलर्टचा अर्थही जातो, कारण नाव एकाचं आणि माणसं दोन. दुसऱ्याला वेगळं सर्टिफिकेट द्या. आणि दुसरा कोण आहे हे ऑफिसात कोणालाच सांगता आलं नाही तर ही मेलची समस्या राहिलेली नाही. सरळ शेवटच्या भागाकडे जा.

आयपी एकसारखे बदलत असतील आणि माणूस एसटीत किंवा लोकलमध्ये असेल, तर मोबाइल नेट तुटतं-जुळतं आहे, बाकी काही नाही. त्याच नावाचा मेल दहा मिनिटांत परत जाऊ नये अशी अट स्क्रिप्टमध्ये घाला, पण नवीन आयपी भारताबाहेरचा असेल तर ती अट लागू नको.

चुकलेल्या पासवर्डच्या प्रत्येक प्रयत्नाला मेल लावू नका. उघड्या इंटरनेटवर असे प्रयत्न चालूच असतात, साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० च मेल जातात, आणि ती मर्यादा कचऱ्याने भरली की खरा अलर्ट बाहेरच राहतो. अपयशी प्रयत्नांचा रोज एक गोषवारा पुरे.

७. वेळ आणि शहर

मेलमध्ये लॉगिन पहाटे साडेतीनचं दिसतं. मालक हादरतो, कर्मचारी शपथा घेतो. क्लाउडवरच्या सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे साडेतीनचं लॉगिन हे सकाळी ९ चं. टाइमझोन एशिया/कोलकाता करा, ओपनव्हीपीएन रीस्टार्ट करा, आणि घड्याळ एनटीपीशी (इंटरनेटवरच्या प्रमाण घड्याळाशी) जुळतंय ना तेही बघा. वेळेपुढे "आयएसटी" छापा, म्हणजे वाद उरत नाही.

आयपीवरून काढलेल्या शहरावर तर मुळीच जाऊ नका. मोबाइल नेटवर साताऱ्यातला माणूस मुंबईत, कधी दिल्लीत दिसतो. तो पत्ता कंपनीच्या नोंदणीचा असतो. देश बऱ्यापैकी विश्वासार्ह, शहर नाही. मी मेलमधून शहराची ओळच काढून टाकतो.

८. डोमेनच्या नोंदी

लॉगमध्ये "सेंट" आहे, पण मेल स्पॅममध्ये जातो किंवा ५५० ने परत येतो. अशा वेळी कंपनीच्या डोमेनची एसपीएफ आणि डीकेआयएम नोंद (त्या डोमेनच्या नावाचा मेल खरा की खोटा ते ओळखायला लागणारी) बघायची वेळ आली. सर्व्हर कंपनीच्या नावाने मेल पाठवतो, पण डोमेनच्या नोंदीत त्याचा उल्लेख नाही, म्हणून समोरचा तो खोटा धरतो. रिले वापरून त्याच सेवेच्या पत्त्यावरून पाठवलं तर हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. डीएनएस, म्हणजे या नोंदी जिथे असतात ते, दुसऱ्या कोणाच्या हातात असेल तर स्वतः हात घालू नका. चुकीच्या एसपीएफने अलर्ट तर राहू द्या, कंपनीची बिलंसुद्धा ग्राहकांच्या स्पॅममध्ये जातील.

फोर्टिगेट आणि विंडोज

फोर्टिगेटवर हे ऑटोमेशन स्टिचने होतं: एसएसएल व्हीपीएन टनेल सुरू झाल्याची घटना, क्रमांक ३९४२४, आणि त्यावर ईमेलची कृती. फर्मवेअर चढवल्यानंतर अलर्ट थांबले असतील तर आवृत्ती बघा. फोर्टिओएस ७.६.३ पासून एसएसएल व्हीपीएनचा टनेल प्रकार काढून टाकला आहे, लोक आयपीसेक या दुसऱ्या प्रकारच्या व्हीपीएनवर गेले आणि स्टिच अजून जुन्या घटनेची वाट बघत बसलेलं असतं.

विंडोज सर्व्हरवर रिमोट ॲक्सेसची २०२७४ ही घटना टास्क शेड्युलरला जोडतात. पण शेड्युलरमधली "ईमेल पाठवा" ही कृती सर्व्हर २०१२ पासून मोडीत काढलेली आहे. ती निवडत बसू नका, पॉवरशेल स्क्रिप्ट लावा.

दुरुस्तीनंतर

रोज सकाळी ८ ला "अलर्ट चालू आहे, काल इतकी लॉगिन" असा एक मेल क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) लावा. अलर्टची अडचण ही की तो बंद पडला तरी शांत आणि सगळं ठीक असलं तरी शांत. सकाळचा मेल आला नाही की त्याच दिवशी कळतं. तो त्याच पोस्टफिक्समधून आणि त्याच खात्यातून गेला पाहिजे, नाहीतर त्याचा उपयोग शून्य.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

अलर्ट बरोबर असेल आणि लॉगिन ओळखीचं नसेल, तर मेलची दुरुस्ती तिथल्या तिथे थांबवा. आधी ते सर्टिफिकेट रद्द करा. कॉन्फिगमध्ये सीआरएल-व्हेरिफाय (रद्द सर्टिफिकेटांची यादी तपासणारी सेटिंग) नसेल तर रद्द केल्याचा सर्व्हरवर काहीही परिणाम होत नाही, हे विसरू नका. चालू असलेली जोडणी वेगळी तोडावी लागते. ते जमत नसेल तर व्हीपीएन सेवाच बंद करा. सर्व्हर फॉरमॅट करू नका, रीस्टार्टही टाळा, लॉगची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये बरेच जुने लॉग काही आठवड्यांतच पुसले जातात, तेव्हा ती मुदत आजच वाढवून घ्या. ग्राहकांच्या नोंदी ५ वर्षे ठेवण्याची जी अट ऐकिवात असते ती व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी आहे, ऑफिसच्या स्वतःच्या व्हीपीएनला ती नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आधी, बाकी नंतर.

घुसखोरीचा संशय नसला तरी तीन ठिकाणी मी स्वतःहून काम सोडायला सांगतो: सर्व्हरचा आयपी काळ्या यादीत गेला असेल, फायरवॉलचं फर्मवेअर बदलावं लागत असेल, किंवा सर्व्हर दूर असून त्यात शिरायला ते व्हीपीएनच एकमेव दार असेल. शेवटच्या प्रकारात एक चुकीची ओळ पडली तर तुम्ही स्वतःच बाहेर राहता. तिथे सर्व्हरसमोर कीबोर्ड घेऊन बसलेला माणूस असल्याशिवाय क्लायंट-कनेक्टला हात लावू नका.

बोलावलेल्या माणसाला तीन गोष्टी तयार ठेवून द्या: शेवटचा अलर्ट कधी आला, त्या दिवसाच्या आसपास काय बदललं (पासवर्ड, नेटचा पुरवठादार, अपडेट), आणि मेलच्या लॉगमधल्या त्या वेळच्या ओळी. त्याचा निम्मा वेळ, म्हणजे तुमचं निम्मं बिल, हेच शोधण्यात जातं.